धार आठ, मुलायमपणा तीन

तीर्थस्वरूप भावोजी यांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली असल्यामुळे तो हात नीट जोडला जात नाही. चिंधीचं कारण पुढे येईल, आणि त्या कारणाचं मूळ आपणच आहात.) आपली तब्येत उत्तम असणार. नसायला काय झालंय? ताईचा गुडघा कसा आहे? तिला उगाच जिने चढू देऊ नका. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे अप्पा खुशाल आहेत, अप्पा खुशाल म्हणून आमची ही खुशाल आहे, आणि मी एकटा रोज सकाळी सव्वासात ते पावणेआठ रक्त आटवतो आहे.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसतो, हे आपल्याला ठाऊक आहे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचा आरडाओरडा ऐकतोय आणि प्रत्येकाला 'आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे' असं उत्तर पाठवतोय. स्वतःची तक्रार मात्र जन्मात पहिल्यांदा लिहायला बसलोय, तेव्हा कृपा करून नुसती नोंद घेऊ नका. माझी मागणी सरळ आहे. येत्या रविवारी या, अप्पांना घेऊन जा, महिनाभर तुमच्याकडे ठेवा, आणि तुमच्या त्या लाडक्या निळ्या पात्यांनी त्यांची दाढी तुम्ही स्वतः करा. (घरचे जावई म्हणून 'आपण' लिहायचं असं ठरवून बसलो होतो. मध्येच कुठे 'तुम्ही' झालं, तर त्या ठिकाणी मला फारच राग आला होता असं समजा.)

आता पहिल्यापासून सांगतो. अप्पा स्टुलावरून पडले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं, इथपर्यंत आपल्याला माहीत आहे. (स्टुलावर ते पंखा पुसायला चढले होते. पंखा मी आदल्याच दिवशी पुसला होता, पण माझं पुसणं त्यांच्या लेखी पुसणं नव्हे.) सहा आठवड्यांचं प्लॅस्टर बसलं. जेवण, आंघोळ, वर्तमानपत्राच्या घड्या, सगळं त्यांनी डाव्या हाताने निभावलं, पण दाढी अडली. आणि अप्पांची दाढी म्हणजे काय पोरखेळ आहे? चौतीस वर्षं त्यांनी छापखान्यात कागद कापायच्या यंत्राच्या पात्यांना धार लावली. धार हा विषय निघाला की त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडायचं नाही. पहिल्या दिवशी मी गल्लीतल्या सलूनवाल्याला घरी बोलावलं. बिचाऱ्याने वस्तरा उघडला, तर अप्पांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला, स्वतःच्या नखावर टेकवून बघितला, आणि याने तू माणसांची दाढी करतोस का, असं अगदी मनापासून विचारलं. तो सगळं सामान गुंडाळून निघून गेला. आता मला केस कापायला दोन गल्ल्या पलीकडे जावं लागतं, आणि तेही मागच्या रस्त्याने.

अशा रीतीने ते काम माझ्या गळ्यात पडलं. भावोजी, तुम्ही कधी दुसऱ्याची दाढी केली आहे? आपल्याला सवय आरशातल्या तोंडाची. समोर खरा माणूस बसला की डावं कुठलं आणि उजवं कुठलं, इथूनच गोंधळ सुरू होतो. त्यातून अप्पा हनुवटी वर करतात आणि डोळे उघडे ठेवतात. बापाच्या गळ्यावर आपण पातं टेकवलंय आणि बाप एकटक आपल्याकडे बघतोय, अशा वेळी कुणाचा हात स्थिर राहील ते मला सांगा! तरी पंधरा दिवस मी रेटलं. कोपऱ्यावरच्या दुकानातली हिरव्या वेष्टनाची दुधारी पाती आणायची, वीस वर्षं मी तीच वापरतो. थोडंफार रक्त यायचं, तुरटी फिरवायची, कागदाचा कपटा चिकटवायचा आणि पावणेआठला चपला घालून बस गाठायची. अप्पा एक अक्षर बोलत नव्हते. सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि मग आपण आलात. दुखणाईताला भेटायला लोक फळं आणतात, बिस्किटांचा पुडा आणतात, काहीच नाही तर रिकाम्या हाताने येतात. आपण दाढीची पाती आणलीत! आणली ती आणली, वर तासभर भाषण केलंत. धार ही एक गोष्ट, मुलायमपणा ही दुसरी गोष्ट. धारदार पातं गालावर खरखरू शकतं आणि कमी धारेचं पातं अलगद फिरू शकतं. आपण स्वतः अकरा प्रकारची पाती लावून बघितलीत आणि त्यात हे निळ्या वेष्टनाचं सरस ठरलं. (अकरा! माणसाला काही उद्योग असावा की नाही?) अप्पा पलंगावर ताठ उठून बसले. या घरात त्यांच्याशी धारेबद्दल बोलणारा जन्मात कुणी भेटला नव्हता, मुलगा तर निघाला नळांच्या तक्रारी घेणारा. आपण चहा पिऊन निघून गेलात, आणि त्याच संध्याकाळी अप्पांनी जुनी वही काढली, डाव्या हाताने वाकड्यातिकड्या रेघा मारल्या आणि दोन रकाने पाडले. एक धारेचा, एक मुलायमपणाचा. दोन्हींना दहापैकी मार्क. भावोजी, तुम्ही गोड बोलून केसाने माझा गळा कापलात.

एक दिवस हिरवं पातं, एक दिवस निळं. वेष्टन त्यांच्यासमोर सोडायचं. दाढी झाली की डोळे मिटून दोन्ही गालांवरून डावा हात फिरवायचा, मग वही मागायची. हिरव्याला धार सहा, मुलायमपणा तीन. निळ्याला धार आठ, मुलायमपणा नऊ. पुन्हा हिरवं, पुन्हा तीन. पुन्हा निळं, पुन्हा नऊ. तीन मार्क मला शाळेत चित्रकलेतही पडले नव्हते, आणि चित्रकलेत मी हत्ती काढला की मास्तर विचारायचे, ही इस्त्री कुणाची? त्यातून अप्पांच्या मनात आलं की वेगवेगळ्या दिवशी केलेली तुलना खरी नव्हे, एकाच सकाळी एक गाल हिरव्याने आणि एक निळ्याने झाला पाहिजे. त्यासाठी तीन दिवस दाढी वाढवली. चौथ्या दिवशी साबणाचा फेस पातळ झालाय की घट्ट, यावर आमची इतकी जुंपली की डावा गाल हिरव्याने होईतो बसची वेळ झाली. मी पळालो. उजवा गाल निदान सुनेकडून तरी करून घ्यावा? छे! नमुना बिघडतो म्हणे. नेमके त्याच दुपारी छापखान्यातले तीन जुने सहकारी भेटायला आले. अप्पा अर्ध्या तोंडावर पांढरे खुंट घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि सगळी हकीकत त्यांना सविस्तर सांगत राहिले. तिघांनीही आळीपाळीने झालेल्या गालावरून हात फिरवला आणि ते माझ्याबद्दल हळहळले. हे मला आमच्या हिने सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती.

मी काही दूधखुळा नाही. माझ्या लक्षात आलं की ही सरळ सरळ बाजू घेणं चाललंय. जावयाने आणलेलं पातं म्हणून नऊ, मुलाने आणलेलं म्हणून तीन! तेव्हा गेल्या मंगळवारी संध्याकाळी मी दार लावून घेतलं आणि वेष्टनांची अदलाबदल केली. हिरवं पातं निळ्या कागदात, निळं हिरव्या कागदात. (अंगठा कापला तो तेव्हा. निळं पातं धारदार आहे, हे मला मान्य करावं लागतं.) दाढीला बसताना अप्पा चष्मा काढून ठेवतात, त्यामुळे पात्यावरची अक्षरं वाचली जाण्याची भीती नव्हती. बुधवारी एक वेष्टन सोडलं, गुरुवारी दुसरं, दोन्ही दिवस चेहरा कोरा ठेवला. शुक्रवारी नाश्त्याच्या वेळी मी वही मागितली, हिच्या हातात दिली आणि मुलायमपणाचा रकाना मोठ्याने वाचायला सांगितला. बुधवार, निळं वेष्टन, मुलायमपणा नऊ! गुरुवार, हिरवं वेष्टन, मुलायमपणा तीन! मी टेबलावर असा हात आपटला की चहा बशीत सांडला. रंगेहाथ पकडलं होतं मी अप्पांना. आपल्या पात्याला तीन दिले होते त्यांनी, भावोजी, आपल्या! मी सगळा बेत फोडून सांगितला, पक्षपातावर बोललो, बावन्न वर्षांतलं जे जे आठवलं ते ते बोललो. पंखा पुसण्याचंही काढलं.

अप्पा शांतपणे बशीतला चहा पीत होते. ही मात्र वहीतच बघत बसली होती. मग म्हणाली, अहो, तुम्ही मला नुसता दुसरा रकाना वाचायला लावलात, पहिला तर बघा. बघितलं. बुधवारी निळ्या वेष्टनाला धार सहा. गुरुवारी हिरव्या वेष्टनाला धार आठ. म्हणजे धारेचे मार्क पात्याबरोबर गेले होते, अचूक, आणि मुलायमपणाचे वेष्टनाबरोबर. माझ्या तोंडचं पाणी पळालं. अप्पा म्हणाले, "पातं बदललंयस हे पहिल्या फटक्याला आवाजावरून कळलं. धार पात्याची असते रे. मुलायमपणा हाताचा." आणि मग त्यांनी माझी जी बिनपाण्याने केली ती काय सांगू! निळा कागद सोडलास की तू श्वास धरून हळू चालतोस, दुसऱ्या हाताने गाल ताणून धरतोस, म्हणाले. हिरवा सोडलास की तुझा एक डोळा घड्याळावर. मग आत कुठलंही पातं असो.

म्हणजे सव्वा महिना मार्क मला पडत होते, भावोजी! बावन्नाव्या वर्षी, पांढऱ्या केसांच्या माणसाला, न सांगता न विचारता! खिडकीवर मी लोकांना निदान अर्जाचा नमुना तरी देतो. आणि दुःखाची गोष्ट अशी की हे अजून संपलेलं नाही. प्लॅस्टर निघून बारा दिवस झाले, पण अप्पांचा हात चालत नाही. बोटं वळत नाहीत, मनगटात जोर नाही, असं म्हणतात. सात वाजले की खांद्यावर टॉवेल टाकून खिडकीपाशी खुर्चीत बसून राहतात आणि माझी वाट बघतात. मला कचेरी आहे, बस आहे, रक्तदाब आहे. तेव्हा हा सगळा घोळ ज्याने घातला त्याने तो निस्तरावा. रविवारी या आणि त्यांना घेऊन जा. एकही पातं यापुढे या घरी पाठवू नका. ताईला आशीर्वाद नव्हे, नमस्कार सांगा (रागात उलटसुलट होतंय), मुलीला पापा.

आपला,
मुलायमपणात नापास मेहुणा

ता. क. : कचेरीत तपासणी लागल्यामुळे हे पत्र चार दिवस खिशातच राहिलं. वर लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे, मी काही मागे घेत नाही. फक्त एक घडलं ते कळवतो. काल दुपारीच सुटलो. घरी आलो, दार उघडंच होतं. अप्पा स्वयंपाकघरात दगडावर सुरीला धार लावत होते. उजव्या हाताने. मनगट असं झोकात वळत होतं की मी दारातच थांबलो. त्यांचं लक्ष नव्हतं. मी आवाज न करता जिना उतरलो, खालून जोरजोरात खोकत पुन्हा वर आलो. तोवर सुरी जागेवर गेली होती आणि हात मांडीवर निपचित पडला होता. मी विचारलं, आज कसा आहे हात? म्हणाले, नाही रे, काही जोर नाही.

ता. क. दुसरा : डॉक्टरांना एकटाच जाऊन भेटून आलो. हात ठणठणीत आहे. प्लॅस्टर काढलं त्याच दिवशी त्यांनी अप्पांना सांगितलं होतं, दाढी स्वतः करत जा, तोच व्यायाम. आमच्या हिला हे तेव्हापासून माहीत होतं. मी तिच्यावर चिडणार होतो, पण चिडलो नाही. भावोजी, अप्पांनी मला आयुष्यात जवळ घेतलेलं मला आठवत नाही, आणि मीही त्यांच्या गालाला कधी हात लावलेला नव्हता. गाल फार मऊ झालाय त्यांचा. रविवारी न्यायला येऊ नका. आलात तर चहा घ्या आणि परत जा. डॉक्टर काय म्हणाले ते ताईला सांगू नका, ती लगेच फोन करेल.

ता. क. तिसरा आणि शेवटचा : निळी पाती संपत आली. तुमच्या त्या अकरा प्रकारांपैकी उरलेल्या दहांचं एकेक पाकीट ताबडतोब पाठवा. चांगलं-वाईट बघू नका. आज हिरव्याला मुलायमपणात सात पडले. दहा पडले की वही बंद होईल, म्हणून हात जरा जास्तच चांगला चालायला लागला की मी मुद्दाम एकदा घड्याळाकडे बघतो.