पश्चात्ताप न करणारी नायिका

चौसाळा, गुरुवार

प्रिय रूथ,

कादंबऱ्या वाचून वाढलेल्या तुझ्यामाझ्यासारख्या सगळ्या बायकांची एक तक्रार आहे, आणि ती आपण अजून कुणाच्या तोंडावर केलेली नाही. पुरुष लेखकाच्या हाती ख्रिस्ती बाई लागली, की तो तिला आधी मेणबत्तीच्या उजेडात सुंदर करतो, मग प्रेमात पाडतो, आणि शेवटी क्रुसापुढे रडवून मारून टाकतो. पाप तिचं, पश्चात्तापही तिचाच. तो बाप्या मात्र पुढच्या प्रकरणात पुण्याला नोकरीला लागलेला असतो! झालं हिचं भाषण सुरू, म्हणशील. म्हण.

आज दुपारी तुमच्या कडा गावाची फार आठवण आली. तुमच्या अंगणातला पेरू, साखर कारखान्याकडून येणारा मळीचा गोडसर वास, आणि एकाच पुस्तकात डोकं घातलेल्या आपण दोघी. नायिका मेली की तू डोळे पुसायचीस, मी लेखकाला शिव्या घालायचे. तुझी आई आतून ओरडायची, "मेलेल्या बाईसाठी काहून भांडता गं? जित्या आईला हंडाभर पाणी तर आणा!"

कपिलधारच्या धबधब्याला गेलो होतो तेव्हाची तू अजून माझ्या स्वप्नात येतेस. धारेखाली उभी, वेणी सुटलेली, गळ्यातला क्रूस पाण्यात लखलखतोय, आणि तू हसत काहीतरी ओरडतेयस. मला एक शब्दही ऐकू येत नाही. अशी बाई कुठल्याच लेखकाने लिहिली नाही, रूथ.

मारणाऱ्या नवऱ्याला सोडून तू माहेरी आलीस, तेव्हा मला वाटलं, सुटलीस. काल तुझ्या आईचा फोन आला. म्हणाली, "चर्चात प्रभुभोजनाचं ताट येतं, तर ही भाकरीला हातच लावीत न्हाई. तशीच शेजारणीकडं सरकवती. लई जीव तुटतो बाई." पाळकांनी स्वतः "घे, पोरी" म्हटलं, तरी तू मान खाली घातलीस म्हणे. मग तुला अडवतंय कोण? आपण पेरूखाली वाचलेले ते लेखक. त्यांनी कागदावर सुनावलेली शिक्षा तू, नवरा सोडला म्हणून स्वतःला पापी समजत, चर्चच्या बाकावर बसून भोगते आहेस. एवढ्याचसाठी हे लिहायला बसले. येत्या रविवारी ताट तुझ्यापुढे आलं, की भाकरीचा तुकडा उचल आणि खा.

तुझीच,
संगीता