कोठीतली बाटली

सिंधू,

न सांगता माहेरी निघून गेलीस आन् इथं सगळे मलाच विचारून राहिले! मीच तुला आळशी म्हणले, सुजलीस तर खाऊन फुगली म्हणले. थोरली जाऊ हाय मी, बोलणारच.

पण ऐक. लग्नाचे पाहुणे आले तवा तुझी थायरॉइडची बाटली ज्वारीच्या कोठीत मीच लपवली. वाटलं, तुझ्या एचआयव्हीच्या गोळ्या असतात, तीबी त्याचीच. कुणी पाहिली तर माझ्या पोरीचं लग्न मोडंल. तू घरभर शोधलीस, मी गप्प बसले. गोळीवाचून राहिलीस म्हणूनच सुस्ती आन् सूज आली, काल भावजींनी सांगितलं.

हे पत्र तुझ्या माहेरी कुणी वाचलं तर? म्हणून टपालात टाकत न्हाई. सोमवारी हे पत्र आन् बाटली घेऊन मीच देगलूरला तुझ्याकडं येते. माझ्यासंगं परत येतीस का न्हाई, तवा तोंडावर सांग.

तुझी जाऊ,
उज्वला