नखभर कुजलेली फळी

१८ जानेवारी २००४

चि. ज्योतीस,
जयभीम.

तुझा पाळणा, घराची दारं, पुसेगावच्या शाळेची एकवीस बाकं, हे सगळं मी कुणाच्या हाताखाली न शिकता या हातांनी केलं. म्हणूनच तू लिहिलंस, "बाबा, सिद्धेश्वर धरणावरची जुनी शिडाची होडी तुमीच पाहा. तुमी व्हय म्हणाले तरच घेईन."

मी तिच्या तळाला सोळा ठिकाणी टोकदार टोच्या मारून पाहिला. एकाच फळीत तो नखभर आत गेला. ती तेवढी कुजकी फळी मी दोन दिवसांत बदलून दिली असती. मग होडीचे मालक, ते रिटायर इंजिनिअर, तिला पाण्यात ढकलून म्हणाले, "बसा, चक्कर मारू." मी एक पाय आत ठेवला, होडी हलली, अन् मी काठावरचा खांब धरला. त्यांची बायको हसली, "मिस्त्री, पाणी गुडघाभर हाय, खांबाला काहून मिठी मारून राहिले?"

मला पोहता येत नाही, हे तुला कधी सांगितलं नाही. लाजेनं तोंडातून निघून गेलं, "तळ कुजलाय." तुलाही तेच कळवलं. हे पत्र टाकायची हिंमत होईल, असं वाटत नाही.

तळ कुजल्याचं ऐकून इंजिनिअरसाहेबांनी होडी काठाला ओढली. मग म्हणाले, "पोरगी हौशी आहे. मी सांगितलेले अठरा हजार राहू द्या. तिनं साठवलेत तेवढ्यात, नऊ हजारांत, शिडासकट न्या."

मी नको म्हणालो.

तुझा बाबा,
प्रेमानंद