वेशीवर बसवलेला फ्यूज

मुक्काम भोर,
कार्तिक वद्य षष्ठी, शके १८५९

चिरंजीव केशव यास आनंदरावाचे अनेक आशीर्वाद. तुझी प्रकृती ठीक असेल, तुझ्या खानावळीतली आमटी पूर्वीइतकीच पातळ असेल आणि विजेच्या दुकानाचे तुझे मालक तुला वेळेवर सोडत असतील, अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे. फक्त माझी डावी मिशी अर्धी जळाली आहे, गेनबा नावाड्याच्या घोंगडीला भगदाड पडले आहे आणि तुझी अक्का माझ्याशी बोलत नाही. (या शेवटच्या गोष्टीचा आधीच्या दोहोंशी संबंध नाही. ती भाऊबीजेपासूनच बोलत नाही.)

हे पत्र केवळ फ्यूजसंबंधी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. भाऊबीजेच्या सकाळी तुझे-माझे जे वाजले आणि बहिणीकडून ओवाळून न घेताच तू पिशवी उचलून पुण्याची मोटार गाठलीस, तो विषय मी काढणार नाही. मी तुझा मेहुणा, वयाने मोठा. मोठ्याने असले विषय काढू नयेत. सुलूचे लग्न मार्गशीर्षात आहे आणि नवरीला बोहल्यावर मामाने आणायचे असते, हेही मी लिहीत नाही. तुला ते कळते.

तर फ्यूज. आपले व्याही वेळवंडीच्या खोऱ्यात, धरणाच्या पाण्यापलीकडे राहतात. जुना रस्ता पाण्याखाली गेला, तेव्हा गोरज मुहूर्तावर भोरात अक्षता पडल्या की वरात काळोखात माझ्याच नावेतून पलीकडे जाणार. आता वरातीला गॅसबत्त्या कोणीही लावतो, तमाशाच्या फडातही असतात. माझी एकुलती एक लेक सासरी जाताना पाण्यावर विजेचे दिवे हवेत, असे मी मनात धरले. मग कापूरहोळच्या मोटार दुरुस्तीवाल्याने एका मोडीतल्या सर्व्हिस मोटारीची सहा व्होल्टची बॅटरी, चार दिवे आणि तारांचे भेंडोळे माझ्या गळ्यात मारले. इथवर तू डोळ्यांनी पाहिलेस. तुझे म्हणणे पडले, की फ्यूज हवाच, तो दिव्याकडे बघून न घेता तारेचा जीव किती ते बघून घ्यावा, आणि बॅटरीच्या अगदी उशाशी बसवावा. माझे म्हणणे पडले, की सहा व्होल्टला कसले भ्यायचे, बोट लावले तर गुदगुल्याही होत नाहीत. त्यावर तू म्हणालास, बोटाला होत नाही पण तार लाल होते. त्यावर मी जे म्हणालो तो विषय काढायचा नाही असे वर ठरलेच आहे.

पण मी ऐकत नाही असे कोणी म्हणू नये, म्हणून तू गेल्यावर नसरापुरातून चिनीमातीच्या डबीतला फ्यूज आणवला. (पाहा, किती ऐकतो.) प्रश्न उरला तो कुठे बसवावा. बॅटरी नावेच्या मागच्या टोकाला, गेनबाच्या फळीखाली. तिथे डबी लावू लागलो तर गेनबाने विचारले, हे काय? म्हटले, हा राखणदार. आग लागायची वेळ आली की हा आधी मरतो. गेनबा हबकलाच. म्हणाला, "मालक, राखणदार कुठं घरात बसवत्यात व्हय? त्याची जागा येशीवर. आमचा म्हसोबा बगा की, गावाच्या भाईर हाय, म्हनून गाव सुकानं झोपतंय." मला ते एकदम पटले. नावेचे नाक म्हणजे तिची वेस. नारळ तिथेच फुटतो, कुंकू तिथेच लागते. डबी नाकावर बसवली. गेनबाने तिला शेंदूर फासला. नारळाचे पाणी मात्र मी आत जाऊ दिले नाही, कारण विजेचे थोडेबहुत मलाही कळते.

त्रिपुरी पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी घाटावर चाचणी ठेवली. बायाबापड्या पाण्यात पणत्या सोडायला आल्याच होत्या. चारी दिवे लागले, पाण्यात आणखी चार दिसले, आणि केशव, खरे सांगतो, मला तुझी आठवण झाली. पण तेवढ्यात तुझ्या अक्काने सुलूबरोबर पत्र्याची ट्रंक धाडली. (माझ्याशी बोलत नसल्यामुळे ती हल्ली सर्व निरोप सुलूमार्फत देते, आणि सुलू ते आईच्या आवाजात देते.) ट्रंक नावेत कुठे मावते ते आत्ताच बघून ठेवा, म्हणजे ऐन वेळी तारांबळ नको, असा निरोप. ट्रंक मधोमध ठेवली, आणि वरातीत आपण कशा बसणार हे दाखवायला सुलू तिच्यावर पदर सावरून बसली. ट्रंकेची कड नेमकी बॅटरीपासून नाकावरच्या डबीकडे जाणाऱ्या दोन तारांवर आली. रबर कापले, पत्र्यातून तार तारेला भेटली, दिवे गेले, आणि पोरीच्या पायाखाली तार इस्तवासारखी लाल झाली.

काय झाले बघायला मी वाकलो, तिथे मिशी गेली. पण मिशीचे मला नंतर कळले. त्या घटकेला धुरातून फक्त सुलूची हिरवी चोळी दिसत होती. मी तिला उचलून घाटावर ठेवले. गेनबाने घोंगडी टाकली आणि कोयत्याने बॅटरीजवळच तार तोडली, तेव्हा प्रकरण थांबले. कोणाला इजा नाही. मग गेनबा नाकाशी गेला, डबी उघडून बघितली आणि मोठ्या समाधानाने म्हणाला, "राखणदाराला कायबी झालं न्हाई, मालक. हाय तसा हाय!" त्या आवारात धड राहिलेली वस्तू म्हणजे तेवढा एक फ्यूज. चोर घरात शिरला होता, वेशीवरच्याला काय कळणार? विचार कर, केशव. त्या ट्रंकेवर ती लग्नाच्या शालूत बसली असती, भर पाण्यात.

आता मुद्दा. कापूरहोळवाला म्हणतो तीस अँपिअरचा बसवा, म्हणजे सारखा उडायची कटकट नाही. नसरापूरचा दुकानदार म्हणतो पाचचा बसवा, जपून राहाल. चार दिवे मिळून सोळा अँपिअर खातात म्हणे. म्हणजे पाचचा तर दिवे लावताच रुसणार, लग्नात पहिल्या पंगतीलाच पाट सोडून उठणाऱ्या आत्याबाईसारखा. आणि तीसचा, मांडव जळून गेला तरी जेवत बसणार. मला मधला हवा आहे, योग्य वेळी रुसणारा. तारेचा जळका तुकडा सोबत पाठवला आहे; तिचा जीव किती ते तूच ठरव आणि फ्यूज उलट टपालाने पाठव. कळावे, लोभ आहेच; तो कमी झाल्याचे माझ्या तरी ध्यानात नाही.

तुझा,
आनंदराव

ता. क. पत्र तुझ्या अक्काने वाचले. (बोलत नाही, पण वाचते.) तिने सुलूमार्फत कळवले आहे, की मी सुलूला उचलले हे खोटे असून सुलूनेच मला कमरेला धरून घाटावर ओढले. धुरात नीट दिसत नव्हते.

पुन्हा ता. क. भाऊबीजेचे तबक तिने अजून उचललेले नाही. निरांजन, सुपारी, अक्षता, सगळे फडताळात तसेच आहे. तुझ्या वाटच्या करंज्यांना मुंग्या लागल्या, तर तिने मुंग्या झटकल्या आणि करंज्या परत ठेवल्या. मी एक उचलली, तेव्हा एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्याशी बोलली. काय बोलली ते लिहीत नाही.

शेवटचा ता. क. फ्यूज टपालाने पाठवू नकोस. अँपिअर-बिंपिअर मला काही कळत नाही. राखणदार बॅटरीच्या उशाशी हवा, एवढे मिशी देऊन शिकलो. या घरातली बॅटरी कोण, ते तुला मी सांगायला नको. मग तू तिकडे पुण्याच्या वेशीवर बसून काय करतोस? घरी ये.