फाटक्या आवाजाचं बक्षीस

बाबा, कॉन्व्हेंटात प्रार्थनेच्या वेळी सिस्टर मला शेवटच्या रांगेत उभं करायच्या आणि नुसते ओठ हलवायला सांगायच्या, हे मी घरी कधी बोलले नाही. माझा आवाज जाड, मुलीचा वाटत नाही म्हणे. त्यांच्या पियानोच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या, त्या चालायच्या. मी चालत नव्हते!

निवृत्त झाल्यापासून दुपारी पडल्या पडल्या माजरीच्या कोळसा खाणीचं ते मैदान दिसतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. खाणीच्या वार्षिक कार्यक्रमाला साहेबांनी कलकत्त्याहून एक म्हातारा रॉक गायक बोलावलेला. संध्याकाळ आहे, दिव्यांच्या उजेडात कोळशाची धूळ सोन्यासारखी तरंगते आहे. साहेब लोक खुर्च्यांवर, आपण ताडपत्रीवर. पांढऱ्या केसांचा तो माणूस गिटार पोटाशी धरून गातो आहे. आवाज घोगरा, जागोजागी चिरलेला. ड्रमच्या ठेक्यानं खालची जमीन हलते आणि माझ्या छातीत काहीतरी उघडत जातं. असा आवाज, आणि त्याला गप्प राहा म्हणणारं कोणी नाही!

तेवढ्यात तुम्ही उठलात. भीमगीतांच्या कार्यक्रमात गाणं आवडलं की उठून गायकाला नोट द्यायची आणि त्यानं गाणं थांबवून नाव पुकारायचं, ही आपली रीत. तुम्ही स्वतः भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटी वाजवणारे, तुम्हाला दुसरं सुचणार काय? भर गाण्यात मंचावर चढून तुम्ही त्याच्या शर्टाला नोट टाचलीत. गिटार थांबली, ड्रम थांबला. साहेबांच्या बायका तोंडाला रुमाल लावून हसल्या. मॅनर्स म्हणे!

त्यानं नोटेकडे पाहिलं. "किसके नाम से, दादा?"

"माह्या पोरीच्या नावानं. तिचा आवाज बी तुमच्यासारखाच फाटका हाये!"

सगळं मैदान हसलं. मागून एक बाई ओरडली, "अवो भाऊ, पोरीले काऊन बदनाम करून राह्यले?"

तो हसला नाही. "तो बुलाइए उसे. मेरा गला थक गया है."

तुम्ही मला दंडाला धरून वर नेलंत. त्याच्या गाण्याचे शब्द मला येत नव्हते. त्यानं गिटारीवर एक सूर धरला आणि मी नुसता 'आ' लावला, पोटातून, अख्खा. तो कर्ण्यातून निघाला, कोळशाच्या ढिगांवरून पलीकडच्या जंगलाकडे गेला, आणि मी तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा जाताना पाहत राहिले. मग एका साहेबानं घड्याळ दाखवलं आणि मला खाली उतरवलं.

सायकलवर तुमच्या मागे बसून मी घरापर्यंत हमसून रडले. "लाजू नको वो माय," तुम्ही म्हणालात. पुढं मरेपर्यंत दिसेल त्याला तेच सांगत राहिलात, पोरगी लाजून रडली. मला पार्टीत गायला बसवलंत तेही माझी लाज मोडावी म्हणून! कितीदा वाटलं, सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडावं. पण तुम्ही ते इतक्या कौतुकानं सांगायचात की शब्द गिळले. आज भीमजयंतीला लोक माझ्या गाण्यासाठी थांबतात आणि म्हातारे अजून तुमचाच किस्सा सांगतात.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच लिहायचं धाडस झालं. मी लाजले नव्हते, बाबा. मला अजून गायचं होतं.