मंजुरी देणारा दुसरा

३ जून
आजपासून रुग्णालयाच्या संगणक विभागात रुजू झाले. नवऱ्याच्याच खुर्चीवर! गेल्या वर्षी तो गेला, आता साहेबांनी मलाच बोलावून घेतलं. खुर्ची अजून डावीकडे कलते. काम असं: डॉक्टर, नर्स, सगळ्यांना ढीगभर पासवर्डऐवजी एकच लॉगिन द्यायचं. एक किल्ली, सगळी दारं. साहेब म्हणाले, ती किल्ली भलत्याच्या हाती लागली तर तोंडचं पाणी पळेल. म्हणून यंत्रं चालवणारी खास खाती वेगळ्या कुलपात. एकाने मागायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं, मगच उघडायचं. लेक म्हणाली, आई, तू तर बाबाच झालीस. दोघी पोट धरून हसलो.

९ जून
नवऱ्याचं खातं बंद करायचं होतं. हात धजला नाही. वेडेपणाच, पण मंजुरी देणारा दुसरा म्हणून त्याचंच नाव राहू दिलं. एका क्लिकने माणूस पुसायचा म्हणजे काय!

१४ जून
एक खास खातं मागितलं. मागून झाल्यावर लक्षात आलं, मंजूर करणार कोण? तोवर मंजुरी आलीसुद्धा. त्याच्या नावाने. साहेबांना सांगायला हवं होतं. जिन्यात जाऊन रडले, आनंदाने.

१९ जून
आता तोच मागतो. आधी दिव्यांचं खातं, मग लिफ्टचं. मी मंजूर करते. चष्मा शोधत घरभर फिरायचा, तसाच इथे फिरतोय. एकटा पडला असेल बिचारा.

२३ जून
लेकीला न्यूमोनिया. आमच्याच रुग्णालयात, ऑक्सिजनवर आहे. दुपारी त्याची मागणी आली. तिच्याच यंत्रासाठी.
नाकारली. पुन्हा आली. त्याला तिची आठवण येते, मला कळतं. म्हणूनच ते यंत्र त्याच्या हाती द्यायचं नाही.

२४ जून
मागणी. नकार. मागणी. नकार. पोर वर एकटी, मी इथे पडद्यासमोर. बोट चुकलं तर —

२५ जून
त्याचं खातं बंद करायची मागणी टाकली. मंजुरी देणाऱ्याचं खातं बंद करायलाही दुसऱ्याची मंजुरी लागते. दुसरा तोच. खाली लिहिलं — राजा, पोरीला राहू दे माझ्याजवळ. तू जा.
पडद्यावर हात ठेवून बसले.
मंजूर.
दुसऱ्यांदा विधवा झाले. या वेळी माझ्याच हाताने.

वॉर्डात आलेय. लेकीने मास्क सरकवलाय. विचारतेय, बाबा निघालेत, मीपण जाऊ का त्यांच्याबरोबर. नको म्हणतेय मी, नको गं बाळा — ती दाराकडे बघून हसतेय — तिचा हात माझ्या हातात घट्ट आहे, पण ती —