पहिला नंबर कोणाच्या पोरीचा

३ मार्च, मंगळवार

अक्काला कापणार म्हणे! माझ्या सख्ख्या बहिणीला!

अक्काला ठेवलंय त्या सुधारगृहाच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. आवाज असा, जणू तुटलेलं बटण लावायचंय — "छोटंसं ऑपरेशन आहे हो. पुन्हा दिवस जाणार नाहीत, एवढंच. सोळा तारखेला डॉक्टर उरकून टाकतील." का? तर अक्काची बुद्धी मंद. त्यात लग्नाआधी मूल झालं. म्हणजे रक्तातच खोट, ती पुढच्या पिढीत उतरायला नको. नवा कायदाच आहे तसा. घरच्यांची हरकत चालत नाही.

मी म्हटलं, "आणि ज्यानं तिला फसवलं त्याच्या रक्ताचं काय? त्याला कधी कापताय?" बाई घड्याळाकडे बघायला लागल्या.

अक्का मंद नाही. सावकाश आहे. अक्षरं तिला हुलकावणी देतात, हे खरं. पण एकदा पाहिलेला माणूस ती विसरत नाही, आणि आई गेल्यावर मला कडेवर घेऊन वाढवलं ते तिनंच. तळपायाची आग मस्तकात गेलीय. शिवायला बसले तर मशीनची सुई मोडली.

८ मार्च, रविवार

भेटीचा दिवस. ढब्बूला नेता येत नाही, पोरांना आत सोडत नाहीत. अक्काची ही पोर सुधारगृहातच जन्मली; तान्ही असतानाच आम्ही तिला आणलं आणि तिला घेऊनच या गल्लीत राहायला आलो. सगळ्यांना ती माझीच वाटते. वाटू दे! पोरीकडे कोणी बोट दाखवायला नको.

अक्काचे हात तिथलं धुणं धुऊन धुऊन सोलवटलेत. पहिला प्रश्न — "दात आले का गं?"

"आले. चावते मेली."

"चावू दे. मला अक्कलदाढ आली नाही म्हणून इथं ठेवलंय. तिला आत्ताच येऊ देत सगळे." आणि स्वतःच खो खो हसली. हिला मंद म्हणतात!

मग हळूच म्हणाली, "मला नकोय गं ते ऑपरेशन. इथून सुटले की लग्न करीन. मला अजून एक हवंय. जवळ ठेवायला."

मी शब्द दिला — होऊ देणार नाही. कसं, ते देव जाणे.

१० मार्च, मंगळवार

ह्यांनी छापखान्यातून एक जाहिरात आणली. अक्षरांचे खिळे ह्यांनीच जुळवलेत. सुदृढ बालक स्पर्धा! शनिवारी, नगरभवनात. "उत्तम रक्त, उत्तम संतती." आणि परीक्षक कोण? सुधारगृहाचे डॉक्टर! अक्काला कापणारे तेच!

ढब्बूला त्यांच्यासमोर उभी करायची, असं माझ्या मनात आलं ते ह्यांना सांगितलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक. "डोकं ठिकाणावर आहे का? चारचौघांत ती कोणाची ते सांगितलंस, तर पोर काढून नेतील आपल्याकडून!"

तेही खरंच. ढब्बू गेली तर मी जगू कशी? पण गप्प बसले तर अक्काला तोंड कसं दाखवू?

१२ मार्च, गुरुवार

हे बोलत नाहीत. मीही नाही. ढब्बू दोघांशी बोलते, थुंकी उडवत.

१४ मार्च, शनिवार

आजचं सगळं लिहिणार!

सकाळी हेच म्हणाले, "चल. मी घेतो तिला." नवरा म्हणून आज मला फार आवडले.

नगरभवनात आया नटूनथटून रांगेत, पोरांनी भोकाड पसरलेलं. वजन, डोकं, छाती, दात — सगळं मापलं. डॉक्टरांनी ढब्बूच्या नाकासमोर किल्ल्यांचा जुडगा वाजवला. हिनं जुडगाच ओढून घेतला, सोडेचना! मला विचारलं, "घराण्यात कोणी मंदबुद्धी?" म्हटलं, "कोणी नाही." ते खोटं नव्हतंच.

पहिला नंबर ढब्बूचा! डॉक्टरांनी तिला उचलून सगळ्यांना दाखवलं. "हे वरवरचं नसतं, रक्तातून येतं. अशा आईनं आणखी चार मुलं तरी राष्ट्राला द्यावीत!" टाळ्या.

मी म्हटलं, "हिची आई तुमच्याच सुधारगृहात धुणं धुते. सोमवारी तुम्ही तिला कापणार आहात. मी मावशी!"

डॉक्टर म्हणाले, "काय?" मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं. लाज कसली? ती त्यांनी बाळगावी!

डॉक्टर लालबुंद. "चूक झाली असेल. पुन्हा मापा." आणि खरंच पुन्हा मापलं! आता डोकं किंचित लहान निघालं. कपाळ अरुंद. नजर म्हणे चंचल. मागून एक म्हातारी ओरडली, "अहो, उभ्या उभ्या आटली की काय पोर?" असा हशा उसळला! पदक काढून घेतलं. घ्या! आम्हाला काय त्याचं लोणचं घालायचंय?

१५ मार्च, रविवार

सुधारगृहात भेट नाकारली. फाटकावरूनच परत पाठवलं.

घरी आले तर शेजारीण दारात. "आमच्याशी खोटं बोललात हो."

"बोलले."

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "उद्या फाटकावर जाणार ना? मी येते."

१६ मार्च, सोमवार

जिंकलो!!

शेजारीण आली, छापखान्यातली ह्यांची माणसं आली, परवाची म्हातारीसुद्धा काठी टेकत आली. सगळे फाटकासमोर ठाण मांडून. उन्हानं जीव हैराण, पण हलायचं नाव कोणी घेईना. शेवटी मोठ्या बाई बाहेर आल्या. "आज ऑपरेशन नाही. डॉक्टर आधी तिला नीट तपासणार आहेत." तपासणार! म्हणजे घाबरले! वरच्या खिडकीत अक्का दिसली. मी ढब्बूला उंच धरलं. दोघी एकमेकींना हात हलवत राहिल्या. आता पोर काढून न्यायला कोणी येऊनच बघावं.

२२ मार्च, रविवार

ऑपरेशन कायमचं रद्द. अक्काला सोडताहेत. मोठ्या बाई माझ्या नजरेला नजर देईनात. तपासल्यावर कळलं — ते ऑपरेशन आधीच झालेलं आहे. ढब्बू जन्मली त्याच दिवशी, त्याच टेबलावर, आधीच्या डॉक्टरनं उरकलं. ना तिला विचारलं, ना सांगितलं. त्या माणसाला मी सोडणार नाही.

अक्का रडली नाही. म्हणाली, "म्हणजे मला ही एकच. मग तिला मला आई म्हणू दे."

उद्या आणतोय अक्काला. ढब्बूला तिच्या मांडीवर देणार. जीव तुटतोय माझा. पण देणार.